उजेडाची सुई

सुयांची मोहीम चालवणाऱ्या साहेबांनो, तुम्ही खोटं बोललात. चुकलात असं मी म्हणणार नाही. चूक कुणाकडूनही होते, आणि ती दाखवून दिली की माणूस निदान मान खाली घालतो. तुम्हाला दाखवून दिलं होतं. आकड्यांसकट, चित्रांसकट, तुम्हाला कळते त्याच भाषेत दाखवलं. त्यानंतरही तुमचे ड्रोन सुयांची खोकी घेऊन आमच्या जंगलावरून उडतच राहिले. म्हणून आता सगळ्यांना कळेल अशा भाषेत लिहिते आहे.

मी हेमलता मडावी. नागपूरच्या एका संस्थेत पेशींवर संशोधन करते. माझा नवरा प्रभाकर गडचिरोली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. यशोदाताई त्याची थोरली बहीण, माझी नणंद, आणि त्या दोघांच्या गावची पोलीस पाटील. हे सगळं तिच्या दोन मूत्रपिंडांबद्दल आहे. तुमच्या लेखी ती किरकोळ गोष्ट असेल. आमच्या घरात नाही.

औषध वाईट नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचे प्रवक्ते मला अडाणी आणि विज्ञानविरोधी म्हणायला मोकळे राहणार नाहीत.

शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे बाजारातलं एक दुकान समजा. आत काय तयार होतंय त्याचे नमुने ती कायम दारावर टांगून ठेवते. आतल्या प्रथिनांचे हे बारीक तुकडे. शास्त्रात त्यांना प्रतिजन म्हणतात. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी बाजारात गस्त घालतात. ओळखीचा माल दिसला की पुढे सरकतात, अनोळखी दिसला की दुकानच पेटवून देतात. आता कॅन्सरची गाठ घ्या. ती इतक्या घाईने वाढते की आतल्या भागाला रक्त पुरत नाही आणि ऑक्सिजन संपतो. आणि ऑक्सिजन संपत आला की पेशी शटर ओढून घेते. दारावर काहीच नाही. आत विष तयार होत असलं तरी गस्तवाला समोरून शीळ घालत निघून जातो.

'उजेड' हे औषध ऑक्सिजन असेल तिथे गप्प बसतं. नसेल तिथेच जागं होतं आणि शटर वर करतं. कल्पना सुंदर होती. आमच्या ग्रंथपाल बाईंच्या स्वादुपिंडातली गाठ त्यानेच विरघळली, त्या आज टेकडीवर फिरायला जातात. मग तुम्ही ठरवलं की गाठ होण्याची वाट कशाला बघायची. चाळिशीपुढच्या प्रत्येकाला दोन सुया, गावोगाव, फुकट. 'एकही घर अंधारात नको' अशी पाटी तुम्ही प्रत्येक केंद्रावर लावलीत.

पण शरीरात अंधार काही फक्त गाठीतच नसतो. मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात निरोगी माणसाच्याही ऑक्सिजन कमीच असतो. तिथलं शटर वर गेलं तरी माल ओळखीचा असतो, म्हणून काही बिघडत नाही. आता सिकलसेलचा आजार असलेला माणूस घ्या. ऑक्सिजन कमी झाला की त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकून बसतात. मूत्रपिंडाच्या गाभ्यात तर जन्मभर हेच चाललेलं असतं. तिथल्या पेशी इतक्या उपासमारीत जगतात की त्यांची प्रथिनं अर्धीकच्ची, वेडीवाकडी होतात. तसले तुकडे गस्तवाल्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेले नसतात, कारण शटर कायम खाली. शरीराने आपल्यापुरता पडदा ओढून घरातलं भांडण टाळलेलं होतं. तुम्ही पडदा फाडलात.

हे मला झोपेत सुचलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत एक पेटी आहे, मोठ्या कपाटाएवढी, काचेची. आत जवळजवळ नुसता नायट्रोजन. पुढच्या भोकांतून खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे आत गेलेले, त्यांत हात घालून काम करायचं. पेशी आतच वाढतात, आतच धुतल्या जातात, आतच मोजल्या जातात. आणि धुण्याच्या पाण्यातही हवा विरघळलेली असते, म्हणून त्या द्रावणांच्या बाटल्या आदल्या दिवशीच बूच सैल करून पेटीत ठेवायच्या. त्याला आम्ही बाटली उपाशी ठेवणं म्हणतो. माझी सहकारी तबस्सुम शेख रमजानच्या महिन्यात हातमोज्यांत हात घालून बाटलीला सांगते, "माझा रोजा संध्याकाळी सुटेल बाई, तुझ्याचं काही खरं नाही."

औषधाचा नमुना मिळावा म्हणून आम्ही तुमच्या मागे किती लागलो होतो. तो आला, तोवर मोहीम जाहीर होऊन गेली होती. सिकलसेलच्या एका रुग्णाने दिलेल्या मूत्रपिंडाच्या पेशी आणि त्याच्याच रक्तातल्या टी-पेशी आम्ही पेटीत एकत्र ठेवल्या, वर औषधाचे थेंब टाकले. त्या शुक्रवारी तबस्सुमने मला हाक मारली. नेहमी एखादा टोमणा मारल्याशिवाय ती बोलत नाही. त्या दिवशी नुसतं "मॅडम, इकडे या" म्हणाली.

पडद्यावर टी-पेशी मधमाशांसारख्या मूत्रपिंडाच्या पेशींना लगडल्या होत्या. मेलेल्या पेशी फुगून वर तरंगत होत्या.

"बाटल्या?" मी विचारलं.

"उपाशी. मी स्वतः ठेवल्या. तीनदा करून पाहिलं, मॅडम."

मी तिथूनच प्रभाकरला फोन लावला. मागे लाउडस्पीकर, टाळ्या, पोरांचा गलका.

"बोल लवकर, गर्दी आहे."

"सिकलसेलच्या कुणालाही सुई देऊ नकोस."

फोनमध्ये नुसता लाउडस्पीकर वाजत राहिला.

"प्रभाकर, ऐकू येतंय ना?"

"ताईने सकाळीच घेतली," तो म्हणाला. "सगळ्यांच्या आधी."

"तिला कशाला दिलीस? तिला सिकलसेल आहे हे तुला माहीत नाही?"

"मला माहीत नाही? लहानपणापासून तिचे पाय मी दाबत आलोय. सूचनापत्रात कुठे लिहिलंय देऊ नका म्हणून? गाव सुईला भितं, हेमा. ताईने घेतली की सगळे घेतात. मीच म्हटलं तिला, तू पहिली घे."

मागून तिचाच आवाज आला. "हेमा हाय का? दे इकडं." फोन तिच्या हातात गेला. "काय वो, सुई घेतानाचा फोटो पाहिला का माहा? पोलीस पाटलीन घाबरली नाई म्हून टाळ्या वाजल्या ना. आतून थरथरून राहिली होती मी, पन तोंडावर दाखवतो का आपून? माह्या मागं पुरं गाव लायनीत लागलं, पाह्य!"

"ताई, तुम्ही आजच नागपूरला या."

"काऊन? काय झालं?"

मी सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उद्या गावात दोन भावांच्या बांधाचा तंटा हाय, तो मिटवतो आन् येतो. तू भेव नको. सत्तेचाळीस वर्षं झाली या रक्तासंगं भांडून राहिली मी. आजवर मीच जितली."

तिच्या आजाराची मुलं मिसरूड फुटायच्या आत जायची अशा काळात ती जन्मली. ती जगली, लग्न केलं, नवरा वारल्यावर पाटीलकी घेतली. सांधे धरले की अंगणातल्या उन्हात बसून तिथूनच गावाला हुकूम सोडायची. त्या बाईला तुम्ही स्वतःच्याच शरीराशी लढायला लावलंत.

सोमवारी तुमच्या सहसंचालकांनी मला पडद्यावर वेळ दिली. फार गोड बोलणारे गृहस्थ. मागे भिंतीवर भारताचा नकाशा, त्यात सुई दिलेले जिल्हे हिरवे.

"मॅडम, तुमची कळकळ आम्ही समजू शकतो. पण मूत्रपिंडाच्या पेशींवरची चाचणी आमच्याकडेही झालेली आहे. कमी ऑक्सिजनमध्येच. काहीही वावगं आढळलेलं नाही."

"पेशी कमी ऑक्सिजनमध्ये वाढवल्यात. मोजल्या कुठे?"

"मोजणीच्या यंत्रावर. शेजारच्या खोलीत."

"म्हणजे बाहेर, हवेत. आणि धुतल्या कशाने?"

"नेहमीच्या द्रावणाने."

"ते ठेवलं होतं कुठे?"

"फ्रीजमध्ये, आणखी कुठे?" ते जरा हसले.

"मग तुमच्या बाटल्या जेवून आल्या होत्या, साहेब. धुणं, रंगवणं, मोजणं यात अख्खी दुपार जाते. तोवर पेशी भरपेट ऑक्सिजन पितात, औषध झोपी जातं, शटर पुन्हा खाली येतं. तुम्ही बंद दुकानांचा पंचनामा केलात आणि आत काही नाही म्हणून सही ठोकलीत."

"ही प्रमाणित पद्धत आहे, मॅडम. सगळं जग असंच करतं."

"ठीक. मग माणसांवरच्या चाचणीत सिकलसेलचे किती जण होते?"

"त्यांना घेतलं नव्हतं." त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मला आधी नीट कळलंच नाही. "त्यांच्यात आधीच इतक्या गुंतागुंती असतात, निकाल गढूळ होतात. हे जाहीर आहे, आम्ही काही लपवलेलं नाही."

"आणि मोहिमेत?"

"मोहिमेतून कुणालाच वगळलेलं नाही. ते धोरणाविरुद्ध होईल. आदिवासी भागाला मागे ठेवलं अशी ओरड तुम्हीच लोकांनी केली असती."

तुम्हीच लोक. हे दोन शब्द मी गाठीला बांधून ठेवले आहेत.

त्याच संध्याकाळी मी बस पकडून प्रभाकरच्या क्वार्टरवर गेले. तो भाताला फोडणी देत होता. मी आल्याचं पाहून त्याने गॅस बंद केला, पण वळला नाही.

"मी थांबवलंय," तो म्हणाला. "माझ्या केंद्रात सिकलसेलच्या एकालाही आता सुई नाही. बीपी जास्त आहे सांगतो आणि घरी पाठवतो."

"गुपचूप?"

"मग काय वाजतगाजत? लेखी थांबवलं तर उद्या निलंबन. मग इथे दुसरा येईल आणि सरसकट टोचत सुटेल. मी खुर्चीवर आहे तोवर निदान माझी माणसं तरी वाचतात."

"तुझी माणसं कोणती? ज्यांची तपासणी झालीय तीच ना? ज्यांना आपल्याला आजार आहे हेच ठाऊक नाही, त्यांचं काय? आणि शेजारच्या केंद्रातली? त्यांचा डॉक्टर काय तुझ्या स्वप्नात येऊन विचारणार आहे?"

"तुला बोलायला सोपं आहे. तू काचेच्या पेटीत हात घालून बसतेस. मी हजार माणसांच्या तोंडासमोर उभा असतो."

"त्यातली एक तुझी बहीण आहे. तिला तू टोचलीस."

हे मी बोलायला नको होतं. पण बोलले, आणि मागे घेतलं नाही. तो खाली फरशीवर बसला. आम्ही त्या रात्री जेवलो नाही. सकाळी त्याने शर्टाची बटणं लावली आणि केंद्रावर जाऊन पुन्हा बीपी जास्त असल्याचं सांगू लागला. मी त्याच्याकडे न बघता ताईला आणायला गावात गेले.

ताईचा तंटा मिटला होता. तिने दोन्ही भावांना एका ताटात जेवायला बसवलं होतं म्हणे. पण ती स्वतः खाटेवर होती. डोळ्यांखाली सूज, पायांवर बोट दाबलं की खळगा पडत होता. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "लघवी चहासारखी होऊन राहिली वो. पबूले नको सांगू, रडन तो."

नागपूरला तिला थेट भरती केलं. माझ्या पेटीतलं ज्ञान तिथे थोडंफार कामाला आलं. तिचं रक्त काढत काढत दुसऱ्याचं निरोगी रक्त भरलं, म्हणजे गाभ्यापर्यंत ऑक्सिजन जाऊन औषध झोपावं. गस्तीवरच्या पेशी दाबायची औषधं दिली. आठवडाभर आधी कुणी सांगितलं असतं तर दोन्ही मूत्रपिंडं वाचली असती, असं तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या. आठवडाभर आधी तुमच्याकडे माझा अहवाल नव्हता, हे मी मान्य करते. पण चाचणीतून कुणाला बाहेर ठेवलंय, हे तुम्हाला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

मूत्रपिंडं गेली. आता ताई डायलिसिसवर आहे. एक दिवस मशीन, एक दिवस मोकळा.

प्रभाकर आला तेव्हा तिच्या हातातून दोन नळ्या मशीनमध्ये गेल्या होत्या. तो दारातच थबकला.

"ये ना, साप थोडीच हाय," ती म्हणाली. "बस. चेहरा काय करून ठेवला बे तू? तेरवीले आल्यावानी."

"ताई, मी..."

"रडू नको. रडाचं काम माह्यं, आन् मी नाई रडून राहिली. मले येक सांग. दुसऱ्या सुईचा दिवस कवा हाय गावात?"

त्याने सांगितलं.

"कोन देनार?"

"मी नाही दिली तर वरून दुसरा कुणी पाठवतील."

"आन् पयल्या लायनीत माह्यामागं उभे होते, त्यायले काय सांगितलं तू?"

तो तिचं पांघरूण सारखं करू लागला.

"बीपी सांगितलं ना?" तिने विचारलं. माझ्याकडे न बघता. मी तिला हे सांगितलं नव्हतं. गावातून तिला रोज फोन येत होते, पाटलिणीला सगळं कळतं. "बीपी! अरे, त्या रामकोबाईनं आयुष्यात मीठ जास्त खाल्लं नाई, ते बिचारी चार रोज अळणी खाऊन राहिली तुह्या बीपीपायी. पयली सुई मी सर्वाइसमोर घेतली. दुसरी काऊन नाई घ्याची, हे बी सर्वाइसमोरच सांगन. गाडी कर."

मोकळ्या दिवशी आम्ही तिला घेऊन गेलो. शाळेसमोर मंडप, तुमची पाटी, शीतपेटीत सुया, आणि वरून खास पाठवलेला एक अधिकारी. माणसं रांगेत उभी होती. ताई गाडीतून उतरली तेव्हा रांग आपसूक मागे सरली. सुजेने तिचा चेहरा ओळखू येत नव्हता.

ती खुर्चीवर बसली. माईक नको म्हणाली. "माह्यं पाहून तुम्ही सुई घेतली. आता मले नीट पाहून घ्या," एवढंच बोलली आणि काय झालं ते सांगितलं. अधिकारी मध्येच म्हणाला, "बाई, अफवा पसरवणं हा गुन्हा आहे."

"गावात गुन्हा झाला तर त्याची वर्दी मीच देतो," ताई म्हणाली. "पाटील मी हाय. लिहून घेऊ का तुमचं नाव?"

हशा झाला, पण लगेच विरला. रैनू नावाचे एक म्हातारे पुढे आले. त्यांनी प्रभाकरला विचारलं, "डॉक्टर, तुले मालूम होतं का?"

मला वाटलं, आता हा पुन्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेईल.

"सुरुवातीला नव्हतं," प्रभाकर म्हणाला. "मग कळलं. कळल्यावरही मी चूप राहिलो. नोकरीच्या भीतीने."

"मंग आमाले काऊन देल्ली?" रांगेतून कुणीतरी ओरडलं. एक चप्पल येऊन त्याच्या छातीवर आदळली. त्याने ती उचलून बाजूला ठेवली. मग टेबलावरची शीतपेटी बंद केली, तिच्यावर स्वतः बसला, आणि अधिकाऱ्याला म्हणाला, "ही पेटी आज उघडणार नाही. आधी प्रत्येकाची सिकलसेल तपासणी. काय लिहायचं ते वर लिहा."

त्या दिवशी रांगेतल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. आपल्याला आजार आहे हे ज्यांना आजवर माहीत नव्हतं असे आठ जण निघाले. आठही जणांनी पहिली सुई घेतलेली होती. त्यांतल्या तिघांच्या लघवीत रक्त होतं. रामकोबाईंचा आजार केंद्राच्या नोंदीत आधीच होता, त्यांच्याही लघवीत रक्त निघालं. चौघांचंही रक्त बदललं. ते वाचतील असं वाटतंय. हे एका गावातलं, ज्या गावात डॉक्टर उशिरा का होईना, पण पेटीवर बसला.

प्रभाकर निलंबित आहे. आम्ही दोघं अजून नीट बोलत नाही. सकाळी मशीनवर ताईला तो घेऊन जातो, संध्याकाळी मी आणते, आणि मधे ताई आम्हाला एकमेकांचे निरोप सांगते, जसे काही आम्हीच ते बांधावर भांडणारे भाऊ आहोत. ते आमचं आम्ही बघू.

तुमचं निवेदन मात्र परवा आलं. "सिकलसेलच्या रुग्णांमध्ये मूत्रपिंडाचे विकार मुळातच आढळतात. औषधाशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. मोहीम सुरू राहील."

सिद्ध होईल कुठून? सिद्ध व्हायला आमची माणसं तुमच्या चाचणीत असायला हवी होती. तिथे त्यांना दार बंद होतं, कारण त्यांच्या रक्ताने तुमचे आकडे गढूळ होतात. आणि सुई टोचायची वेळ आली तेव्हा तेच रक्त तुम्हाला चाललं, कारण नकाशावर जिल्हा हिरवा करायचा होता. मोजताना आम्ही नको, टोचताना आम्ही हवे. मी आयुष्यभर पेशी काय दाखवतात आणि काय लपवतात ते बघत आले. इतकं निर्लज्ज दुकान मी सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिलेलं नाही.

माझा अहवाल परत तपासा, असं मी आता म्हणत नाही. समिती नेमू नका. चौकशीचं आश्वासन नको. यशोदाताई मंगळवारी मशीनवर असते, बुधवारी मोकळी असते. बुधवारी या. ती आमच्या नागपूरच्या घराच्या अंगणात उन्हात बसलेली असेल. तिच्यासमोर उभे राहा, तिच्या डोळ्यांत बघा आणि एवढंच सांगा: जिच्यावर औषध तपासून पाहायची तुम्हाला भीती वाटली, तिलाच ते सगळ्यांत आधी द्यायला तुम्हाला भीती का वाटली नाही?

आम्ही थांबलोय. उत्तर द्या.